फुलांचा झेंडा

विस्कॉन्सिनात, वॉसॉच्या पश्चिमेला
काळ्या जाळीच्या सावलीत जिनसेंग वाढतं.
चार वर्षं मातीत. उपटलं की दोन पाय, एक कंबर,
एखाद्याला गुडघासुद्धा.
उपटणारी मी. पाकू शिओंग.

दर ऑक्टोबरात ग्वांगझोहून ओउयांग यायचे,
राखाडी कोट, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून.
लेलँड रुश टेबल पुसायचा, पिंपांची झाकणं काढायचा
आणि मला मधल्या खुर्चीत बसवायचा.
'तू तिकडचीच ना?' पहिल्या वर्षी त्यानं विचारलं.
मी ह्माँग.
आईनं मेकाँग ओलांडली ती भावाला पाठीशी बांधून.
चिनी भाषेतलं मला ओ की ठो कळत नाही.
हे सांगायला तोंड उघडलं,
तोवर ओउयांग माझ्याशी चिनीत बोलू लागलेसुद्धा,
भरभरून, जणू माहेरचं माणूस भेटलं.
मधल्या खुर्चीचे तासाला दोन डॉलर जास्त होते.
मी मान हलवली.

अशी सतरा वर्षं.

भाव कॅल्क्युलेटरवर ठरायचा.
त्याआधी ओउयांग एक मूळ मोडायचे, हुंगायचे,
दाढेखाली धरून गप्प बसायचे. खूप वेळ गप्प.
लेलँडला वाटायचं, हा भाव पाडतोय.
मग तो मोठ्यानं हसायचा, त्यांच्या पाठीवर थाप मारायचा.
ओउयांग त्या खांद्याकडे बघत राहायचे,
तिथे काही सांडल्यासारखं.

एका वर्षी त्यांचा भाचा आला, मिनियापोलिसात शिकणारा.
तो म्हणाला, तुमच्या झेंड्याला आमचे जुने लोक
फुलांचा झेंडा म्हणत.
हे फुलांच्या झेंड्याचं मूळ. हे थंड. आमच्याकडचं उष्ण पडतं.
'थंड?' लेलँड उडालाच,
'शंभर डिग्रीला दोन आठवडे वाळवलंय मी!'
भाच्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं,
मामा गप्प असतो तो चव घशाला पोचेपर्यंत. तो मान आहे.
आणि जो फार हसतो
त्याच्या पिंपाच्या तळाशी सडकं असतं, असं मामा मानतो.
म्हणून दरवर्षी पिंपात खांद्यापर्यंत हात.
म्हणून दरवर्षी लेलँडचा चेहरा पडलेला:
मला चोर समजतो हा.
म्हणून आणखी मोठं हसू.

मग कुठल्याशा टेबलांवर, जिथे मधली खुर्ची आहे की नाही
देव जाणे,
यांनी कर लावला. त्यांनी उलटा लावला.
ऑक्टोबर आला, ओउयांग आले नाहीत.
एका ओळीचं पत्र आलं: आम्ही अभ्यास करत आहोत.
लेलँडनं ते फ्रीजवर लावलं, माशाच्या चुंबकाखाली.
'बघ, अभ्यास करतायत.'
एक्केचाळीस पिंपं. नाताळपर्यंत त्यानं दुसऱ्या कुणाला
एकही दाखवलं नाही.
मी भाच्याला फोन केला.
'याचा अर्थ नाही असा होतो,' तो म्हणाला, 'सभ्य नाही.'
मी लेलँडला सांगितलं नाही.
सतरा वर्षांची मान, एकदम कशी फिरवू?

फेब्रुवारीत पेट्रोल पंपावर
शिकारी टोपीतला एक जण माझ्या तोंडावर ओरडला,
परत जा तुझ्या चीनला.
लेलँड नळी तशीच टाकून धावला. कान लालबुंद.
'खबरदार! ती माझी चिनी बाई आहे!'
सत्तरीचा माणूस, बर्फावर पाय घसरतोय,
आणि माझ्यासाठी भांडतोय
चुकीच्या देशाच्या नावानं.
मी त्याचा दंड धरला. म्हटलं, चल.
एवढंच म्हटलं.

जिनसेंग एकदा घेतलं की त्या मातीत ते पुन्हा येत नाही.
का, ते विद्यापीठवाल्यांनाही नीट सांगता येत नाही.
लेलँड आता दुसरी जमीन बघतो म्हणतो.

काल शेडमध्ये कुणी नव्हतं.
मी कोपऱ्यातलं पिंप उघडलं, बाही सारली,
खांद्यापर्यंत हात घातला.
तळ लागेपर्यंत चाचपलं.
सडकं काही नव्हतं.
नुसती मुळं, कोरडी,
एकमेकांत पाय अडकवून.