सदुसष्ट नंबरचा शर्ट

क्राटोकविल. दहा अक्षरं, एकही दुबार नाही.
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत कमानीत बसवताना
माझी सुई दोनदा मोडली त्या रात्री.

खालच्या लीगच्या बसमध्ये झोपला होता, तिथून उठवून पाठवला.
पहाटे पोचला. हातात एक बॅग,
आणि कागदी पिशवीत आईच्या हातचे खसखशीचे पाव.
एक मला दिला. म्हणाला, मिस ओपल, शिळा आहे जरा.

सप्टेंबर होता. आमचा संघ कधीचाच हरून बसलेला.

मी स्टेडियमची लाँड्रीवाली. मला खेळ डागांवरून कळतो.
मांडीला लाल माती म्हणजे बेस चोरला,
छातीवर गवत म्हणजे झेल घेतला,
किंवा सुटला, गवताला ते ठाऊक नसतं.
सदुसष्ट नंबरचा शर्ट अकरा रात्री आला माझ्याकडे,
कोरा.
तरी धुतला. धुवायचाच असतो.

बुलपेनमधला फोन दोनदा वाजला म्हणे.
दोनदा त्यानं जॅकेट काढलं, वीसेक चेंडू टाकले, हात तापवला.
पहिल्यांदा आधीच्याच पिचरनं कसंबसं निभावून नेलं.
दुसऱ्यांदा फोन दुसऱ्याच कुणासाठी होता.
वाढलेल्या ताटावरून उठवावं तसा
तो पुन्हा बाकावर जाऊन बसला,
हात टॉवेलात गुंडाळून.

बाराव्या दिवशी सामना नव्हता.
त्या दिवशी पँटीच्या उजव्या गुडघ्याला माती.
पिचरच्या उंचवट्यावरचीच, चिकण, निराळी ओळखू येते ती.
मी विचारलं नाही.
पहाटे गवताला पाणी घालणाऱ्या एमेटनं पाहिलं होतं:
चाळीस हजार रिकाम्या खुर्च्या
आणि चेंडूशिवाय टाकलेला एक चेंडू.

डाग मी काढला. नोकरी होती.
मग ब्लेड घेऊन अक्षरं उसवली,
चांगलं कापड फेकायचं नाही असा क्लबचा हुकूम.
'ए' आणि 'टी' पुढच्याच एप्रिलमध्ये लागले.
'ओ' ज्याच्या पाठीवर गेला, त्याचा आता गेटवर पुतळा आहे,
पोरं त्याच्या खांद्यावर चढून फोटो काढतात.
सांगावंसं वाटतं. कुणाला सांगणार?
'व्ही' तेवढा मी दिला नाही.
लागला तेव्हा नवा कापला, घरचं कापड घालून.

रेकॉर्डच्या पुस्तकात तो नाही.
सामन्यात पाऊल टाकल्याशिवाय नाव लागत नाही तिथं.
नियम बरोबरच असेल. एवढी माणसं येतात,
सगळ्यांची नावं लिहायची म्हटली तर शाई कुठून आणायची.

नेब्रास्काहून नाताळचं कार्ड येतं अजून.
गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवतो, गुडघा दुखतो,
धाकटी डावखुरी निघाली.
खाली सही, पूर्ण नावाची,
घाईत केलेली,
पण एक अक्षर गाळत नाही.