अनुच्चारित

टिंबापासून सुरू होणारी फाईल
यादीत दिसत नाही.
चुरी म्हणायचे, वडिलांच्या पत्रांतल्या
त्या अनुस्वारासारखं आहे हे.
लिहायचा. उच्चारायचा नाही.

आज नवा लॅपटॉप.
कांजूरमार्ग, सोळावा मजला,
खोकी अजून बांधलेलीच, गॅसवाला सोमवारी,
आणि मी फरशीवर बसून आधी
माझ्या सवयी उतरवून घेतेय:
पडद्याचा काळा रंग, चार स्पेसचा समास,
एक आज्ञा मी कायम उलटी टाईप करते
ती तशीच समजून घ्यायची सोय.

खरी फाईल एका फोल्डरात, एकच.
जिथे ती असायला हवी तिथे नुसता बाण.
नक्कल करू नकोस, बोट दाखव,
हे चुरींचंच.
नकला दोन दिवसांत आपापल्या वाटेने जातात
आणि मग बसा ताळा करत,
कुठली आपली.

एंटर.
निळे बाण भराभर खाली उतरले
आणि मधेच एक लाल.

तो चुरींच्या फोल्डरकडे जात होता.
निवृत्तीनंतर नव्वद दिवसांनी खातं पुसायचं,
असा नियम आहे.
पुसलं मीच.
‘खात्री आहे का’ विचारलं होतं मशीनने,
मी हो म्हणून चहाला गेले होते.

भांडुपला एका थिएटरच्या नावाने अजून तिकीट मागतात.
थिएटर पाडलं, त्यावर टॉवर आला,
टॉवरलाही आता गळती लागलीय.
कंडक्टर काही न विचारता तिकीट फाडतो,
लोक बरोबर उतरतात.
मशीनला एवढं जमत नाही.

‘चला’ टाईप करून पाहिलं.
अशी आज्ञा नाही, म्हणालं.
नऊ वर्षं रोज संध्याकाळी सव्वासातला
हाच शब्द मारून मी घरी गेले.
तो काय काय जपून ठेवायचा,
कुठलं आधी मिटायचा, कुठलं नंतर,
कधी उघडून बघितलं नाही.
चालत होतं ना.

चुरींचा नंबर आहे माझ्याकडे.
तो तरी आता कुठे जातो, कोण जाणे.

लाल ओळ काढायला एक आज्ञा पुरते.
राहू दिली.
सोमवारी ऑफिसच्या मशीनवरही उमटेल,
कुणी विचारलंच तर
काहीतरी सांगेन.

रात्री लॅपटॉपचं झाकण नुसतंच मिटलं.
काय काय उघडं राहिलं असेल आत.