दुसरं वाक्य

ॲबर्डीनहून सातला बोट सुटली.
आता साडेतीन. मागे रेलणारी ही खुर्ची
अर्ध्यातच अडकलीये, माझ्यासारखी:
धड बसलेली नाही, धड आडवी नाही.

टेबलापलीकडे तिघं होते.
मधला हसरा. हसऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही.
डावीकडच्या बाई नाव सांगत होत्या तेव्हा
मी माझीच नाडी मोजत होते,
म्हणून त्यांचं नाव शेवटपर्यंत कळलंच नाही.
उजवीकडचे म्हातारे डॉक्टर
पेनाचं टोपण काढत, लावत, काढत.

"पशुवैद्यच का व्हायचंय?"
याचं उत्तर तीन आठवडे घोकलं होतं,
गोठ्यात, आंघोळ करताना, शाळेच्या बसमध्ये,
आमच्या म्हाताऱ्या नॉससमोर उभी राहून.
नॉसने शेपटी हलवून
प्रत्येक वेळी प्रवेश दिला.
तिथे मात्र पहिलं वाक्य आलं,
तिसरं आलं,
आणि दुसरं येतंय ते आत्ता,
फेअर आयलचा दिवा खिडकीत फिरताना.
वरातीमागून घोडं, तेही ओलंचिंब.

मग त्यांनी हातात एक हाड दिलं.
मी म्हणाले, मेंढीचं. पुढच्या पायाचं.
वय फार नसावं.
"आणि याचं नाव?"
नाव येईना.
आमच्याकडे हाडाला नाव नसतं,
माळावर हाड दिसलं की "अरेरे" म्हणायचं
आणि कुंपण कुठे तुटलंय ते बघायला जायचं.
हे मी मनात म्हणाले की मोठ्याने?
मोठ्याने असावं.
कारण टोपणाचा आवाज थांबला.
चांगल्यासाठी थांबला की वाईटासाठी,
यावर मी चाळीस सागरी मैल खर्च केलेत.

कोटाच्या खिशात त्यांचा बिल्ला तसाच राहिलाय.
परत द्यायचा होता. त्यावर छापलंय: ओल्सा.
मी ओस्ला.
मुलाखत कशी झाली ते खरं तर
ओल्सालाच विचारायला हवं.
ती तिथेच असेल अजून, ग्लासगोत,
पाण्याच्या ग्लासाला हात लावू की नको करत.

शेवटचा प्रश्न बाईंचा.
"वाचणार नाही असं कोकरू. तू कधी थांबशील?"
मी एप्रिलची ती रात्र सांगितली.
कोकरू उलटं होतं, वडिलांचा हात मोठा पडला,
म्हणून माझा.
पाय सापडले, डोकं सापडलं,
श्वास सापडला नाही.
तरी मी चोळत राहिले गवताच्या बोळ्याने, किती वेळ कोण जाणे.
मी थांबले नाही, म्हणाले मी. मला थांबवलं.

तेव्हा बाई लिहायला लागल्या.
तोवर कागद कोरा होता.
काय लिहिलं असेल?
"ही थांबत नाही"?
की "हिला थांबता येत नाही"?
रात्रभर मी ही दोन वाक्यं
दोन मुठींत धरून बसलेय.
कुठली उघडावी?

साडेसात. लर्विक. काळोख अजून उठलेला नाही.
गाडीपाशी वडील. खांद्यावरची बॅग घेतली.
"समुद्र कसा होता?"
"हलत होता. ठीक होता."
टिंगवॉलच्या वळणावर त्यांनी रेडिओ बारीक केला.
वाट पाहिली.
मग पुन्हा मोठा केला,
हवामान ऐकायचं होतं जसं काही.

मागच्या सीटवरून नॉस पुढे वाकली,
माझा डावा हात चाटून झाला तिचा,
उजव्या तळव्याशी मात्र
नाक टेकवून थांबली,
खूप वेळ,
जिथे ते हाड होतं.