डावीकडचं कोपर

शकूर तडवीच्या केळी पिकवायच्या खोलीत
आम्ही अकरा जण बसलो, स्वेटर घालून.
बाहेर भुसावळ सेहेचाळीसवर,
आत सोळा.
रिकाम्या क्रेटांवर चादर ताणलेली
आणि चादरीवर नेल्सन गावित,
वय एकाहत्तर, गळ्यात गिटार,
दाढी पिंजलेल्या कापसाची.

मालिका चार भागांची. दोन झाले होते,
आणि दोन्ही आमच्यातल्या कुणी धड ऐकले नव्हते.
"गिटार लाल नव्हती भो, तपकिरी होती."
"हाव, पण ती दुसरी."
झोपे दर दहा मिनिटांनी उभा राहायचा:
हा अ‍ॅम्प्लिफायर माझा! जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर टाकला होता,
बघा, खाली जळाल्याचा डाग.
डाग शोधेपर्यंत चित्र बदललेलं.
'एका धुळकट रेल्वे-गावात' असं निवेदक म्हणाला,
ते वारके सरांना लागलं.
धूळ धुळ्याला, ते म्हणाले, आमच्याकडे कोळशाची राख होती.
हसलो आम्ही. त्यांनी हाताची घडी काही सोडली नाही.

मग तिसरा भाग.
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, एकोणऐंशीचा डिसेंबर,
एक फोटो, कडेनं कसर लागलेला.
मधे नेल्सन. उजवीकडे बेसवाला, जो पुढे कॅनडाला गेला.
डावीकडे एक कोपर.
नुसतं कोपर, दुमडलेली बाही,
झांजेची अर्धी कड.
निवेदक म्हणाला,
पहिला ड्रमर मुंबईला आलाच नाही.
का, ते कुणालाच माहीत नाही.

कोपर माझ्यापासून दोन क्रेट पलीकडे बसलं होतं.
मुरलीधर फिरके, फिटर, लोको शेड, निवृत्त.
शेवमुरमुऱ्याच्या पुड्यात घातलेला हात
तसाच आत राहिला.

मला माहीत होतं.
मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजात, रात्रपाळीला,
बाविसावं सरलेलं, कानांवर हेडफोन.
मुंबईहून ट्रंक कॉल. फिरक्यांना बोलवा.
इन्स्टिट्यूटचा चौकीदार धावत गेला, तेही ऐकलं मी,
त्याच्या चपला.
मग तीन मिनिटं.
पहिलं मिनिट नेल्सनचं: स्टुडिओ, शनिवार, पैसे, खोलीची सोय.
दुसऱ्यात कुणीच नाही,
यार्डातलं एक इंजिन वाफ सोडत होतं तेवढं.
तिसऱ्यात फिरके एक वाक्य बोलला.
ते मी नवऱ्याला सांगितलं नाही,
तो गेल्यावर बहिणीला सांगितलं नाही,
इथंही लिहिणार नाही.
आमचं काम जोडायचं होतं, ऐकायचं नव्हतं.
दिवा विझला, मी प्लग ओढला,
डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली,
आणि जळगावची लाइन आली.

चादरीवर गाणं सुरू झालं.
तेच, ज्यासाठी मी आत्याकडे जाते सांगून
इन्स्टिट्यूटच्या सायकल स्टँडपाशी उभी होते,
आत जायला धीर होत नव्हता म्हणून.
शकूरचा नातू म्हणाला, एवढंच? याच्यात काय आहे?
कुणी उत्तर दिलं नाही.
झोपेच्या डोळ्यांना पाणी. थंडी फार आहे, म्हणाला.

गाणं संपलं. फिरकेनं हात बाहेर काढला,
बोटांची शेव झटकली.
"घाई करतो तो," म्हणाला,
"तेव्हाही करायचा. मी मागून धरून ठेवायचो."
एवढंच. मग म्हणाला, परत लाव.

नातवानं परत लावलं.
फिरके दोन बोटांनी क्रेटवर,
अगदी हलकं,
त्या चादरीवरच्या ड्रमरच्या केसभर मागे.
आणि खोटं सांगत नाही,
नेल्सन तिथे पहिल्यांदा
सावकाश गायला.

दार लावा रे, शकूर ओरडला, गारवा चाललाय.
चौथ्या भागाचं नाव
कुणी काढलं नाही.