आवाज आधी

दळी मॅडम म्हणाल्या, चौकटीत कोण आहे
ते सगळेच लिहितात.
तू लिही, कोण नाही.

म्हणून घणसोलीतल्या हळदीचं फुटेज पुन्हा लावलं.
काकाची गच्ची, डीजे, पिवळी झालेली बनियनं,
एक तास सात मिनिटं. मीच शूट केलेलं.

आई नाही.
अकराव्या मिनिटाला डावीकडून एक हात येतो,
हिरव्या बांगड्या, बोटाला चिकटपट्टी.
वाटी ठेवतो, जातो.

ध्वनीच्या पट्टीवर मात्र तीच ती.
खोबरं कुणी उघडं ठेवलं,
पोरांना आधी वाढा,
ए तेजाली, जेवलीस का गो?
ही शेवटची लाट सगळ्यात उंच,
म्हणजे अगदी माझ्या खांद्याशी उभी असणार.
मी तेव्हा काकाच्या नाचावर झूम करत होते.

कालच शिकवलंय: आवाज आधी सोडायचा,
माणूस मागून आणायचा.
तिचं वाक्य ओढून काळ्या पडद्याखाली ठेवलं.
पुढे लावायला काही नाही.

रात्रीचा दीड. भिंतीपलीकडून,
"झोप आता, लाईटबिल कोण भरतं?"

मी कॅमेरा उचलून दाराकडे धरला.
लाल ठिपका लागलाय.
दार अजून लोटलेलंच.