मागे पांढरं हवं

अर्जात लिहिलंय : मागे पांढरं, नक्षी नको.
आता अशोक चौकातल्या या घरात
नक्षी नाही असं काय आहे?
चादरीवर मोर, पडद्यावर मोर,
उशीला उरल्या तुकड्यातला अर्धा मोर.
अप्पांचा जन्म मागावर मोर उतरवण्यात गेला.

शेवटी सेकंड मालातला टॉवेल सापडला,
कडेचा धागा सुटलेला, पण पांढराशुभ्र.
याच्या लॉटमधले बाकीचे
कधीच पोचले दुबईच्या हॉटेलांत,
फोटोबिटो न काढता.

दोन खिळे, टॉवेल. पुढे नरसम्मा, माझी आई.
चष्मा काढलेला, केस कानांमागे,
पदराला तंबाखूचा वास,
तो काही फोटोत येत नाही.
"अम्मा, हसू नको. दात दिसले की अर्ज परत."
लग्नाच्या फोटोत जिला
चौघी नणंदा मिळून हसवू शकल्या नाहीत
ती आता थांबेचना.

सतराव्या फोटोत ओठ मिटले,
तर डाव्या कानामागे सावली.
"एक पाऊल पुढे ये."
"बहिणीकडे चालतच पाठवतोस का रे?"
म्हणत आली.
सावली टॉवेलवरून घसरली
आणि खाली सुपातल्या
अर्ध्या वळलेल्या विड्यांवर
जाऊन बसली.