तीनशे बारा

चौथी चौकी म्हणजे मेंढ्यांचा एक पडका कोंडवाडा,
दगडावर दगड, मध्ये चिखल.
सकाळी सहाला गेथिननं मासे पकडायच्या काठीला
अँटेना बांधली आणि काठी भिंतीच्या फटीत खोचली.
गाडीची बॅटरी मी पाठीवरून वर आणली होती.
वाटेत दोनदा म्हटलं, पुढच्या वर्षी मी येणार नाही.
हे मी सलग नवव्या वर्षी म्हणत होते.

वेल्सच्या या कोपऱ्यात मोबाईल चालत नाही.
दरी इतकी खोल, की हिवाळ्यात खालच्या गावात
सूर्याचीसुद्धा रेंज येत नाही.
पन्नास किलोमीटर, चार डोंगर, साडेतीनशे माणसं.
त्यांना पळायची हौस, आम्हाला बोलायची.
हिशेब जुळतो.

धुक्यातून आधी श्वास येतो,
मग चिखलाचा पचपच आवाज, मग छातीवरचा आकडा.
चेहरा सगळ्यात शेवटी, आणि तोवर माणूस पुढे गेलेला असतो.
एकशे सात. चाळीस. दोनशे एकोणनव्वद.
मी वाचते, गेथिन लिहितो,
पेन्सिलनं, कारण शाई पावसाला घाबरते.
मग बटण दाबून मी ते आकडे डोंगरापलीकडे टाकते
आणि गावाच्या सभागृहात बसलेली मार्गेड
ते एकेक करून झेलते.

एक बाई धापा टाकत थांबली, म्हणाली,
"तुम्हाला याचं काय मिळतं?"
"सँडविच," गेथिन म्हणाला. "अंड्याचं."

दोन वाजता मार्गेडचा आवाज बदलला.
चढला नाही. उलट सपाट झाला,
डॉक्टर रिपोर्ट उघडताना होतो तसा.
"तीनशे बारा. तिसऱ्या चौकीवरून अकरा चाळीसला निघाला.
चौथी, तुमच्याकडे आला का? ओव्हर."

गेथिननं पानं उलटली. पुन्हा उलटली.
तीनशे अकरा होता.
तीनशे तेरा होती, गुणगुणत गेली होती.
"चौथीवर नाही. ओव्हर."

लोकांना वाटतं, ओव्हर म्हणजे संपलं.
ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल.

कोणी बोललं नाही.
अकरा चौक्यांनी बटणावरचे अंगठे उचलले,
वाट मोकळी ठेवली.
बोलायच्या हौसेनं जमलेली माणसं
इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.
शर्यतीच्या शेपटीला चालणारे दोघे मागे फिरले.
गेथिन शिटी घेऊन कड्यापर्यंत गेला.
नाव हवेत सांगायचं नाही, असा नियम आहे,
म्हणून मार्गेडनं ते सांगितलं नव्हतं,
म्हणून एकाहत्तर वर्षांचा गेथिन
धुक्यात उभा राहून एका आकड्याला हाका मारत होता.
तीनशे बारा! तीनशे बारा!
एक मेंढी तेवढी दोनदा ओरडली.

तीन वीसला रेडिओ खरखरला.
"सर्व चौक्या, ऐका. तीनशे बारा सापडला.
गुडघा दुखला. रस्ता ओलांडताना बस दिसली. बसला हात केला.
फोन त्याच्या बायकोनं उचलला. तो आंघोळ करतोय.
गरम पाण्यात," मार्गेड म्हणाली,
आणि ओव्हर म्हणायचं विसरली.

गेथिन वेल्शमध्ये एक शब्द बोलला
जो आमच्या परवान्यात बसत नाही.
बटण दाबलेलं नव्हतं, मी बघून घेतलं.
मग तो दगडावर बसला, ओल्या मिशीतून हसला,
थांबला, पुन्हा चिडला,
आणि उरलेलं अर्धं सँडविच त्यानं मला दिलं.

नंतर त्यानं वही ओढली.
पानभर आकडे, प्रत्येकापुढे घड्याळातली वेळ.
खालच्या रिकाम्या ओळीवर त्यानं लिहिलं, ३१२,
आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं: घरी.
पेन्सिल जरा जास्तच दाबून.

अजून अठ्ठावीस जण यायचे होते.
धुक्यात कुठेतरी श्वास ऐकू आला.
मी बटणावर अंगठा ठेवला.